आधी खालचा पाडा

मासळीच्या टोपलीकडे कुणाचा हात आला की मावशी झाकणावर तळहात आपटायची आणि विचारायची, "पाणी आधी कुठं जातं?"

उत्तर ठरलेलं होतं. "खालच्या पाड्याला," असं म्हणून समोरच्याने हात मागे घ्यायचा. मग ती समाधानाने म्हणायची, "मग मासळीपण आधी तिथंच," आणि मला कोपराने ढोसायची. म्हणजे टेम्पो पुढे घे.

वाणगावच्या बाजूला तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी सीटवर पाय वर घेऊन बसलेली, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर छत्री. छत्री उन्हाळ्यातसुद्धा. मागे निळ्या टबांत बर्फ आणि मासळी. आणि तिच्या शेजारी घाबरट चेहऱ्याचा एक ड्रायव्हर दिसला असेल, तो मी. ती जाऊन आता दुसरा पावसाळा येतोय. अजूनही कुणी ना कुणी टेम्पोच्या खिडकीशी येतं आणि तिच्या सीटकडे बघून म्हणतं, "मावशी होती तेव्हा..." पुढचं वाक्य जो तो आपापलं लावतो. माझं मी इथं लावतोय.

मी जत तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली, गवंड्याच्या हाताखाली राहिलो, मग गाडी शिकलो. ओळखीच्या एकाचा टेम्पो चालवायला म्हणून डहाणूला आलो तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि पाहिल्यावर आधी मागे सरलो. ही बाई टेम्पो ठरवायला आली. गाडीचं भाडं विचारायच्या आधी तिने माझी चौकशी केली.

"गाव कुठलं?"

"जत."

"नदी कुठली तुमच्या गावाला?"

"नदी नाही. ओढा आहे. पावसाळ्यात वाहतो, तोही मनात आलं तर."

"मग गाव बसलं कशावर?"

"मारुतीच्या देवळाभोवती," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला. "बरं. देव तरी आहे."

तिचं गाव किनाऱ्यावरचं, वाढवणच्या अलीकडचं. घरी ते लोक आपल्या बोलीत बोलायचे, ती मला पहिलं वर्षभर अजिबात कळली नाही. वाण्याशी मावशी गुजराती बोलायची, पाड्यांवर त्यांच्या बोलीतलं जेवढं यायचं तेवढं, आणि माझ्याशी बाजारातली मराठी. मला तिने कधी नावाने हाक मारली नाही. मी "डायवर". घरामागे जाळी ठेवायची खोली होती, तिच्यातली अर्धी जाळी हलवून तिने मला जागा करून दिली. खोलीला मासळीचा वास येतो असं मी भीत भीत सांगितलं तर म्हणाली, "आठ दिवसांनी येणार नाही. वास तिथंच राहील, तुझं नाक सुधारेल."

तसंच झालं.

मी काळजी करणारा माणूस. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, परत एकदा ओढायचा, आणि चाकामागे दगड लावायचा. ती हे सगळं बघत बसायची. "टेम्पो आहे तो, म्हैस नाही. चरायला जाणार नाही," म्हणायची. घरून आईचा फोन यायचा. आईचा प्रश्न एकच, तिथं पाणी किती लांब आहे? एकदा मावशीने माझ्या हातातून फोन घेतला. "ओ ताई," तिने माझ्या आईला सांगितलं, "पाणी दाराशी आहे. पण तुमचा पोरगा पाण्याने जाणार नाही, काळजीनेच जाईल. त्याला मी जेवायला घालते, तुम्ही झोपा." त्यानंतर आई मला कमी आणि तिला जास्त फोन करायला लागली.

आता पाड्यांचं सांगतो.

समुद्रातून एक खाडी आत शिरते. तिच्या कडेला आधी खालचा पाडा लागतो, मग मधला, आणि खाडी अगदी चिंचोळी होते तिथं वरचा पाडा. रानशेतच्या बाजूने येणारा गोड्या पाण्याचा ओढा वरच्या पाड्यापाशीच खाडीला मिळतो. तिन्ही पाड्यांचं जगणं या पाण्यावर. आमच्याकडे विचारतात किती वाजले, तिथं विचारतात भरती कधी. वरच्या पाड्याच्या बायका कपडे धुवायला ओहोटीला बसतात, कारण तेव्हा ओढ्याचं गोडं पाणी खाली उतरतं. भरती आली की धुणं आवरायचं आणि त्याच दगडांवर पोरांनी गळ टाकून बसायचं. लग्नाचं वऱ्हाडसुद्धा पाणी बघून निघतं, नाहीतर रस्त्याची मोरी पाण्याखाली जाते आणि नवरदेव अलीकडे, नवरी पलीकडे.

या तीन पाड्यांवर मासळी विकायचा मान मावशीच्या घराचा होता. कागद कुठला नव्हता. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं होतं आणि किनाऱ्यावरची दुसरी कुठलीही बाई तिथं टोपली उतरवत नसे. रस्ता नव्हता त्या काळात सासू होडीने जायची. भरतीच्या पाण्याबरोबर आत, ओहोटीच्या पाण्याबरोबर परत. लग्नानंतर या मावशीला तिने होडीत बसवून नेलं आणि तिन्ही काठांवर उभं करून सांगितलं, "ही माझी सून. माझ्यामागं हिच्याकडून घ्यायचं." झाली वारसनोंद.

सासू पाण्याने जायची म्हणून खालचा पाडा आधी. हे ठीक. पण रस्ता झाला तो उलट्या बाजूने! वाणगावकडून उतरलं की टेम्पोला आधी वरचा पाडा लागतो. मग खाडीवरची ती बुटकी मोरी, मग मधला, आणि खालचा अगदी शेवटी. कुणीही शहाणा माणूस वरच्या पाड्यापासून विकत खाली जाईल. आम्ही वरच्या पाड्यातून टबांवर झाकणं दाबून, न थांबता, बायकांच्या तोंडासमोरून धूळ उडवत खालपर्यंत जायचो, आणि मग विकत विकत परत वर यायचो. वरच्या पाड्याला मासळीचं पहिलं दर्शन व्हायचं आणि शेवटची निवड मिळायची.

"मावशी, डिझेल," मी म्हणायचो.

"माझ्या सासूने वल्ही मारली," ती म्हणायची. विषय बंद.

गर्व होता तिला, मी नाकारत नाही. "माझे पाडे" हा शब्द ती अशा काही तोऱ्यात उच्चारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईच्या मालकीची तीन शहरं आहेत. पण गर्वाच्या मापाने ती त्यांचं करायचीही. कुठल्या घरात बाळंतीण आहे, तिला कोणती मासळी द्यायची आणि कोणती नाही, कुणाच्या म्हाताऱ्याला काट्याची मासळी चालत नाही, सगळं तोंडपाठ. पावसाळ्यात होड्या बंद असायच्या तेव्हा सुकट आणि सुके बोंबील न्यायचे, आणि बदल्यात तांदूळ, शेवग्याच्या शेंगा, कंद घेऊन यायचे. एकदा बर्फ कमी पडला आणि टबातल्या मांदेलीचा रंग उतरला. मी म्हटलं, चालेल, वास नाहीये. तिने सगळी मांदेली खाडीत ओतली. "पाड्यावरच्या बाईने चुलीशी बसून माझं नाव घेतलं पाहिजे," म्हणाली, "नाक नाही धरलं पाहिजे."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण नुसता टेम्पो चालवत नाही. आईला फोनवर मीही म्हणून गेलो, "आमचे पाडे."

पण तिच्या मनात एक कुसळ होतं. गुडघे गेले होते. टेम्पोतून उतरताना ती माझ्या खांद्यावर जो भार टाकायची तो महिन्यागणिक वाढत होता. किनाऱ्यावर तेव्हा वाढवणला होऊ घातलेल्या बंदराशिवाय दुसरं बोलणं नसायचं. काय होईल, कोण राहील. बैठकांना तीही जायची, आवाज तर तिचाच सगळ्यात मोठा. पण परत येताना मला विचारायची, "मासळी राहील तोवर राहील रे. माझ्यामागं पाड्यांवर जाणार कोण?"

सून बोईसरला एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. गुणी मुलगी. तिला टोपलीची लाज होती असं नाही, तिला तिची नोकरी आवडत होती, एवढंच. मावशीलाही तिचा अभिमान होता. "माझी सून बोलवेल तेव्हाच डॉक्टरकडे आत जायला मिळतं," हे तिन्ही पाड्यांना माहीत होतं. पण सुनेला काठावर उभं करून "ही माझी" म्हणायची तिची पाळी येणार नव्हती, आणि मान असा बुडवून जायचं म्हणजे आपल्या सासूला वर काय तोंड दाखवायचं, हे मावशीला खात होतं.

मग ती पौर्णिमा आली. उधाण मोठं होतं. आम्ही वरच्या पाड्यात पोचलो तर पुढची मोरी पाण्याखाली. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, परत ओढला, दगड लावला. ऊन चढलेलं. टबांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. वरच्या पाड्याच्या बायका ताटल्या, टोपल्या घेऊन जमल्या. त्यांना वाटलं, आज तरी आधी आपण.

मावशीने झाकणावर हात आपटला. "पाणी आधी कुठं जातं?"

ताटल्या पुढेच राहिल्या.

"मोरी मोकळी होईपर्यंत बसते मी. तुम्हीपण बसा."

"मावशी, बर्फ," मी म्हणालो.

"तू दगड बघ तुझा."

बायका कुरकुरल्या. एक म्हातारी मुकाट्याने घरात गेली, ओलं गोणपाट आणून टबांवर टाकलं आणि बाजूला बसली. हे बघून मला फार वाईट वाटलं. मासळी त्यांना शेवटीच मिळणार होती, तरी गोणपाट त्यांचं.

तेवढ्यात रमिला पुढे आली. बावीस-तेवीसची असेल, कडेवर पोर. चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. नवरा वर्षातले बरेच महिने गुजरातच्या बोटींवर खलाशी. पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "मावशी, आमची पोटं काय शिळ्याची आहेत?"

"असं कोण म्हणतं?"

"मग रोज उरलंसुरलं आम्हालाच कसं?"

"मी नाही ठरवलं. पाण्याने ठरवलं. खालच्या पाड्याला आधी शिरतं ना?"

"शिरतं. तुम्ही रोज शिरतं कुठून तेवढंच विचारता. निघतं कुठून ते कधी विचारलंत का?"

मावशीने खाडीकडे बघितलं.

"ओहोटी लागली की पाणी आधी आमचा काठ सोडतं," रमिला म्हणाली. "मग मधल्याचा. खालच्या पाड्याचा शेवटी. तुमची सासू परत कशी जायची? ओहोटीवर ना? मग परतीचा पहिला काठ कुणाचा? भरतीचा मान त्यांचा असेल तर ओहोटीचा आमचा. की पाणी एकाच बाजूला वाहतं तुमच्या गावात?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मावशीशी असं कुणी बोलत नसे. मी मनात म्हटलं, आता ही छत्री उगारणार.

ती उतरली. माझ्या खांद्यावर भार टाकून, गुडघे सांभाळत, काठापर्यंत गेली. पाणी तुडुंब भरून निवांत उभं होतं. तिने एक सुकं पान उचललं आणि पाण्यावर ठेवलं. पान जागच्या जागी डुलत राहिलं. सगळा पाडा मागे उभा. ती बघतेय, आम्ही बघतोय. मग पानाने हळूच तोंड फिरवलं, आणि समुद्राकडे निघालं.

"फिरलं," ती म्हणाली.

मागे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मी, सापडला नाही. रमिलाकडे ती अशी बघत होती, जशी किनाऱ्यावर एखादी महागडी घोळ मासळी हाती लागल्यावर बघायची.

"डायवर, झाकणं काढ! वरच्या पाड्याची ओहोटी आहे."

त्या दिवसापासून भरती चालू असेल तर आधी खालचा पाडा आणि ओहोटी असेल तर आधी वरचा, असा नियम झाला. खालच्या पाड्याचा एक म्हातारा तणतणला. मावशीने त्याला खाडी दाखवली. "तिच्याशी भांड. मी तिची नोकर."

परतताना ती वाणगावचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "माझ्या सासूला हे सुचलं नाही. मलापण नाही सुचलं. आम्ही एवढ्या वेळा आलो गेलो त्या पाण्यावरून." आणि मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शिळ्याची पोटं म्हणे!"

दुसऱ्या आठवड्यात तिने रमिलाला टेम्पोत घेतलं. पोराला त्या गोणपाटवाल्या म्हातारीकडे ठेवून ती यायची. पहिल्यांदा मासळी ओळखायला, मग बर्फ भरायला, मग किनाऱ्यावर लिलावाला. तिथं मात्र ठिणगी पडली. लिलाव पुकारणारी हेमाकाकी मावशीची बालमैत्रीण. तिने रमिलासमोरच विचारलं, "ही पाड्यावरची टोपली उचलणार? सासूने सुनेला द्यायचं असतं, असं चालत आलंय."

"मी सासूच्या रक्ताची होते का ग?" मावशी म्हणाली. "सून म्हणजे काय? परक्या घरची पोर. तू आपली म्हणालीस की आपली. मीपण तेच करतेय."

"परक्या घरची, पण किनाऱ्यावरची."

"खाडी कुठून येते? तिच्या दारातून येते की नाही?"

हेमाकाकी तोंड फिरवून गेली. बाकीच्या बायका मावशी शेजारी असली की रमिलाला जागा द्यायच्या, मावशी चहाला उठली की जागा मिटायची. रमिलाने बोली लावली तरी ती कुणाच्या कानात शिरत नसे. शेवटी मावशीच तिच्या वतीने ओरडायची. मला रोज धाकधूक, मावशीचे गुडघे पूर्ण बसले तर ही पोरगी इथं उभीसुद्धा राहू शकणार नाही. मावशीला मी हे बोललो. ती म्हणाली, "माहीत आहे."

आणि एका सकाळी ती आलीच नाही.

मी टेम्पो घेऊन दाराशी गेलो तर ओटीवरून म्हणाली, "आज मी येत नाही."

"बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तिला घेऊन जा."

किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. वाळूवर मासळीचे ढीग पडत होते. रमिलाने इकडेतिकडे बघितलं, मावशी कुठं दिसेना, आणि तिचा चेहरा उतरला. मी टेम्पोपाशी उभा राहून हँडब्रेकची काळजी करायचं सोडून तिची करत होतो. पहिला ढीग गेला. दुसरा गेला. तिने दोन्ही वेळा बोली लावली, तोंडातल्या तोंडात. कुणी बघितलं नाही. तिसऱ्या ढिगाशी ती दोन बायकांच्या मधून पुढे घुसली, पाय रोवले, परत बोली लावली.

हेमाकाकीने पुकारा थांबवला. सगळ्या बायका थांबल्या.

"ए वरच्या पाड्याची!" हेमाकाकी कडाडली. "इथं दर्या बोलतोय, दिसत नाही? त्याच्यावरून आवाज गेला पाहिजे. कानात सांगून इथं मासळी मिळत नाही. तुझ्या मावशीने हेच शिकवलं का?"

रमिलाने आवाज काढला. देवा, काय आवाज होता तो! मागच्या सुरूच्या झाडांतले कावळे उडाले. बायका हसल्या, एक जण म्हणाली, "मेली, कान गेला माझा," आणि हेमाकाकीने ढीग तिच्या नावावर पुकारला. टोपली भरायला ज्या दोन बायका वाकल्या, त्याच दोघी आदल्या दिवशी जागा मिटवून बसल्या होत्या.

मी धावत मावशीच्या घरी गेलो. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर, पण तांदूळ होते तसेच होते.

"घेतली," मी म्हणालो. धाप लागली होती.

"काय घेतलं?"

"मांदेली. थोडे बोंबील."

"येडी. आज बोंबील जास्त घ्यायचे." मग विचारलं, "आवाज चढवला का?"

"चढवला."

"मला इथं ऐकू आला," ती म्हणाली.

"मग मला कशाला विचारताय?"

"तुझ्या तोंडून ऐकते एकदा. सांग परत. हेमा काय म्हणाली?"

मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि प्रत्येक वेळी "तुझ्या मावशीने" या शब्दांशी मान हलवली. मग एकदम माझ्यावरच खेकसली, "बर्फ विरघळतोय तिकडे आणि तू इथं गोष्टी सांगत बस. जा!"

रमिलाला घेऊन टेम्पो मावशीच्या घरावरून निघाला तेव्हा ती दारात येऊन उभी होती. एक हात चौकटीला. मी तोवर कायम तिच्या शेजारी बसत आलो होतो, त्यामुळे समोरून, लांबून, तिला असं कधी बघितलंच नव्हतं. किती लहानखुरी बाई होती ती! आणि मान किती ताठ. रमिलाने खिडकीतून हात बाहेर काढला. मावशीने हात हलवला नाही. कोंबड्या हाकलतात तसा पदर झटकला, चला, निघा, भरती लागलीय.